थंडी खाली उतरते तेव्हा

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जळगाव दोनशे मीटरांच्या थोडं वर आहे, भुसावळही जवळपास तेवढंच, आणि धुळे अडीचशेच्या आसपास. गाडीतून उतरणारं कुणी तो आकडा वाचत नाही. पण खानदेशची हवा समजून घ्यायची असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा आणि सातमाळ्याचे डोंगर, मधल्या लांबट खोलगट पट्ट्यातून पश्चिमेकडे वाहणारी तापी. जळगाव आणि धुळे या खोलगटाच्या तळाशी वसली आहेत. तळाशी राहणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं, ते मला जानेवारीतल्या या प्रवासात दिसलं.

माझं घर कोकणात, खाडीच्या काठावर. तिथे समुद्र हवेला फार तापू देत नाही आणि फार निवूही देत नाही. सकाळी घातलेला सदरा संध्याकाळपर्यंत चालतो. जळगावात सकाळी चहाच्या टपरीवर कानटोपी, मफलर आणि वर शाल घेतलेली माणसं शेकोटीभोवती उभी होती, आणि दुपारी त्याच चौकात लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात सावली शोधत होते. हिवाळ्यात इथे पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचं अंतर पडणं ही नवलाची गोष्ट नाही. कोकणात एवढा फरक पाहायला दोन ऋतू लागतात. इथली माणसं तो रोज अंगावर घेतात, आणि म्हणून त्यांच्या कपड्यांत, जेवणाच्या वेळांत आणि बोलण्यात थंडी-ऊन सतत येतं. भेटल्यावर आमच्याकडे भाताचं, मासळीचं विचारतात. इथे पहिला प्रश्न होता, "रात्री थंडी कशी वाटली?"

शाळेत आपण एक नियम शिकतो : उंच जावं तसं तापमान उतरतं, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. सूर्याचं ऊन हवेतून बहुतांशी तसंच पार होतं आणि जमिनीला तापवतं. जमीन मग आपल्या अंगालगतच्या हवेला तापवते. म्हणजे हवेला ऊब मिळते ती खालून. फ्रान्सचा शास्त्रज्ञ गे-ल्यूसाक १८०४ मध्ये फुग्यात बसून पॅरिसवरून सुमारे सात हजार मीटरपर्यंत चढला. खाली उन्हाळा होता आणि वर त्याचा तापमापक शून्याच्याही खाली गेला. आज मुंबई-नागपूरसारख्या केंद्रांवरून हवामान खातं दिवसातून दोनदा फुगे सोडतं, आणि त्यांना टांगलेली यंत्रं वाटेतल्या प्रत्येक थराचं तापमान खाली कळवत जातात. नियम खरा आहे. फक्त तो दिवसाचे चोवीस तास सारखा चालत नाही, आणि खानदेशात तर हिवाळ्याच्या रात्री तो चक्क उलटा होतो.

भुसावळ ओलांडून तापीच्या पलीकडे निघालो तेव्हा दुपार होती. मागे दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. त्यांचा पातळ धूर वर चढत, वळत, फुगत आभाळात विरत होता. दुपारी जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते, वरची गार हवा खाली येते. हजार-दीड हजार मीटरपर्यंतचा सगळा थर असा घुसळून निघतो आणि धुराला वर जायला वाट मोकळी मिळते.

फैजपूरकडे वळलं की दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात. १९३६ साली राष्ट्रीय काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच फैजपूरला झालं. आज मात्र इथे पाहुण्याला पहिल्यांदा दाखवतात ती बाग. मृगबाग कुठली, कांदेबाग कुठली, निसवण किती झाली, रास कितीची पडेल. भालोदजवळ ज्यांच्याकडे मी उतरलो त्यांना सगळा गाव नाना म्हणतो, मीही नानाच म्हणू लागलो. त्यांचं जुनं घर धाब्याचं आहे : जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि मातीचं सपाट छत. आमच्या कोकणात असं छप्पर एका पावसात वाहून जाईल. इथे पाऊस बेताचा आणि ऊन फार, म्हणून छत निवाऱ्याबरोबर झोपायची जागाही होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा घर रात्रीसुद्धा तापलेलं असतं, पण धाबं उघड्या आभाळाखाली आपली उष्णता सोडून देतं. मध्यरात्रीनंतर त्यावर अंथरलेली गोधडी गार लागते, असं नानांच्या घरातल्या काकू सांगत होत्या.

संध्याकाळी शेतात भरीताचा बेत होता. बामणोदची हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठी वांगी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ, मग हिरवी मिरची, लसूण, दाणे, कोथिंबीर आणि कांद्याची पात, आणि सगळं बडगीत ठेचून एकजीव केलेलं. सोबत कळण्याची भाकरी आणि तेलाची सढळ धार. आमच्याकडे पाहुणचार पानात वाढत जातो. इथे तो शेतात, जाळाभोवती उभा राहून होतो आणि "अजून घ्या" म्हणणाऱ्याच्या हातात वाडगा नसून अख्खं पातेलं असतं.

जाळाचा धूर मी पाहत होतो. तो सरळ वर गेला, झाडांच्या शेंड्यांपेक्षा थोडा उंच, आणि तिथे थांबला. मग आडवा पसरत गेला, शेजारच्या बागांवर, पुढे नाल्यापर्यंत, एका सपाट निळसर पट्ट्यासारखा. दुपारी दीपनगरचा धूर आभाळात विरला होता, याला मात्र वर वाट मिळत नव्हती. सूर्य मावळला की जमीन उष्णता सोडू लागते. हिवाळ्यात इथलं आभाळ निरभ्र असतं आणि हवा कोरडी, त्यामुळे ती उष्णता अडवायला ढग नाहीत, बाष्पही नाही. जमीन झपाट्याने निवते आणि अंगालगतच्या हवेलाही निववते. वरची हवा मात्र दुपारची ऊब बाळगून असते. खाली गार, वर ऊबदार. वर जाणारा धूर थोड्याच उंचीवर आपल्याहून ऊबदार, हलक्या हवेला भिडतो आणि तिथेच अडतो. या उलट्या रचनेला तापमानाची विपरीतता म्हणतात. नानांच्या भाषेत ती "गारठा बसणं" आहे, आणि हवा खरोखरच बसलेली असते.

त्याच रात्री धाब्यावर उभं राहिल्यावर सावद्याकडची आगगाडी इतकी स्पष्ट ऐकू आली की ती गावाच्या वेशीवरून जातेय असं वाटलं. गार हवेत आवाज सावकाश जातो आणि ऊबदार हवेत वेगाने, म्हणून वर निघालेला आवाज अशा रात्री वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि लांबवर पोहोचतो. दिवसा तो वर निघून जातो. या गावातल्या मुलांना हिवाळा कानांनीही कळतो.

पहाटे नानांनी मला बागेत नेलं. कडेच्या मोकळ्या वाफ्यात त्यांनी एका बांबूला दोन तापमापक बांधले आहेत, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक डोक्याच्या वर. खालचा वरच्यापेक्षा दोन अंश कमी दाखवत होता. माणसाच्या उंचीत दोन अंश! साडेसहा अंशांसाठी डोंगर चढावा लागतो असं आपण शिकलो, इथे उकिडवं बसलं की फरक हाताला लागतो. केळीला हा फरक महाग पडतो. थंडी वाढली की मुळं अन्न उचलेनाशी होतात, पान उघडायला वेळ लागतो, निसवणीच्या वेळी घड खोडातच अडकतो, करपा जोर धरतो. शेतकरी मग रात्री पाणी देतात. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा ऊबदार असतं, ते जमिनीची ऊब धरून ठेवतं. बांधावर काडीकचरा पेटवतात. त्यातून येणारी ऊब फार वर जात नाही, कारण विपरीततेचं झाकण तिला खालीच ठेवतं. जी रचना पिकाला गारठवते तीच या शेकोटीला उपयोगी पडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांच्या बागांत उंच खांबांवर मोठे पंखे लावतात ते याच रचनेच्या भरवशावर : वरची ऊबदार हवा खाली ढकलायची. नानांकडे पंखे नाहीत. त्यांच्याकडे पऱ्हाट्या आहेत, विहीर आहे आणि रात्री उठून बसायची तयारी आहे.

"पण विम्याचं यंत्र तिकडे आहे," नाना म्हणाले आणि त्यांनी गावाबाहेरच्या उंचवट्याकडे हात केला. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान ठरलेल्या आकड्याखाली सलग काही दिवस राहिलं तर भरपाई मिळते, आणि ती नोंद महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची धरतात. जगभर तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरांवर ठेवायचा दंडक आहे, आणि तो तुलनेसाठी योग्यच आहे. पण नाल्याकाठच्या बागेत गुडघ्याजवळ जे घडतं ते त्या उंचीवर आणि त्या उंचवट्यावर घडत नाही. मंडळात अनेक गावं, गावात उंच-सखल शिवार, आणि आकडा मात्र एक.

यावल सोडून चोपड्याकडे निघालो तेव्हा सातपुडा उजव्या हाताला सोबत होता. सकाळी तो दिसतच नव्हता. धूळ, धूर आणि धुकं खोऱ्याच्या तळाशी साठून होतं. ऊन तापलं, तळाची हवा हलली, आणि अकराच्या सुमाराला डोंगराची निळी रांग वरून खाली उघडत गेली : आधी माथा, मग कडे, सर्वांत शेवटी पायथ्याचे पाडे. रस्त्यावरच्या माणसांच्या अंगावरची शाल खांद्यावर आली, खांद्यावरची सायकलच्या मागे गेली.

शिरपूरला गाडीचं चाक पंक्चर झालं. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने हवा सोडली तेव्हा मी वॉल्वसमोर बोट धरलं. फुस्स करून निघालेली हवा चांगली गार होती. "दाबातून सुटली की गारच होते, दादा," तो म्हणाला. रोजच्या हातकामातून त्याला हे माहीत होतं, आणि डोंगरावर थंडी का असते याचं निम्मं उत्तर त्यात होतं. वर हवेचा दाब कमी असतो. खालून चढणारी हवा तिथे फुगते, फुगायला तिची स्वतःची ऊर्जा खर्च होते आणि ती निवते. कोरडी हवा दर हजार मीटर चढताना जवळजवळ दहा अंश निवते. बाष्पाने भरलेली हवा इतकी निवत नाही, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. पावसाळ्यात सह्याद्री चढणारे ढग म्हणून सावकाश गार होतात आणि खानदेशची दुपारची कोरडी हवा भराभर. साडेसहा हा आकडा या सगळ्यांची सरासरी आहे.

धुळ्यात पोहोचलो ते शेवभाजीच्या वेळेला. काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा, त्यात ऐनवेळी सोडलेली जाड शेव, आणि समोरच्याच्या कपाळावर घाम येईपर्यंत चाललेलं आग्रहाचं वाढणं. पांझरेच्या काठचं हे शहर आखीव आहे, सरळ रस्ते आणि काटकोनातले चौक, एकोणिसाव्या शतकात कॅप्टन ब्रिग्जच्या काळी घातलेल्या आराखड्याची खूण. इतिहासाचार्य राजवाडे यांचं १९२६ साली इथेच निधन झालं आणि त्यांच्या संग्रहासाठी उभं राहिलेलं संशोधन मंडळ आजही कागद सांभाळून आहे. हिवाळ्यात मात्र धुळे बातम्यांत येतं ते कृषी महाविद्यालयातल्या तापमापकामुळे. पारा पाच-सहा अंशांवर येतो, काही वर्षी त्याहूनही खाली, आणि राज्यातल्या नीचांकात धुळ्याचं नाव झळकतं. त्याच सकाळी महाबळेश्वर दहाच्या वर असतं.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच आहे, म्हणजे धुळ्याहून अकराशे मीटरांनी वर. नियमाने ते सात अंशांनी गार असायला हवं, आणि दुपारी ते गार असतंच. पहाटे मात्र उलटं होतं. यात अक्षांशाचा, समुद्राच्या जवळिकीचा भाग आहेच. पण मोठा वाटा उताराचा आहे. रात्री डोंगरउतारालगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहत येते. माथ्यावर ती थांबत नाही. खोऱ्यात साठते. सातपुड्याची आणि सातमाळ्याची थंडी अशी उतरून पांझरेच्या, गिरणेच्या, तापीच्या काठांवर येऊन बसते.

हे अंगावर अनुभवावं म्हणून उजाडायच्या आधी लळिंगला गेलो. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला उभा असलेला हा किल्ला फारुकी राजवटीच्या आरंभकाळाशी जोडलेला आहे. पायथ्याशी बोटं बधिर होत होती. सोबतीला आलेले गावातले जिभाऊ पुढे चालत होते. त्यांनी मागे वळून सांगितलं, "वर ऊब शे, खाले गारठा शे." पहिला चढ संपेपर्यंत मला ते धीर देणारं बोलणं वाटलं. मग एका वळणावर कानाजवळची हवा बदलली. वारा नव्हता, ऊन अजून यायचं होतं, तरीही वरची हवा खालच्याहून स्पष्टपणे मऊ होती. चढल्यामुळे अंग तापलं असेल म्हणून बराच वेळ बुरुजावर स्वस्थ बसून राहिलो. ऊब टिकली. खाली धुळ्याच्या दिशेला धुराचा आणि धुक्याचा थर सपाट पसरला होता, आणि त्याच्या वरच्या कडेला जणू आखलेली रेघ होती. आयुष्यभर इथे गुरं चारलेल्या जिभाऊंना या रेघेची उंची ठाऊक होती. "नवी वासरं हिवाळ्यात रात्री खाली नदीजवळ बांधत नाहीत," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांनीही बांधली नव्हती.

दोंडाईच्यावरून शहाद्याला आणि तिथून तोरणमाळला निघालो. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता आणि जुनी माणसं अजूनही तसंच बोलतात. राणीपूरनंतर सातपायरी घाट सुरू होतो. दुपार होती, त्यामुळे शाळेतला नियम पूर्ण जागेवर होता. प्रत्येक वळणागणिक गाडीतल्या पट्टीवरचा आकडा उतरत होता. शहाद्याला पंखा लागत होता, आणि साडेअकराशे मीटरांवरच्या तोरणमाळच्या पठारावर सावलीत उभं राहिलं की स्वेटरची आठवण येत होती. वाटेतले पाडे विखुरलेले, प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. आमच्या कोकणातल्या वाड्याही विखुरलेल्या असतात, पण तिथे घराला माडा-पोफळीची आणि शेजाऱ्याच्या हाकेची सोबत असते. इथे दोन घरांमध्ये अख्खी दरी असते, आणि तरी संध्याकाळी बासरीचा सूर या टेकाडावरून त्या टेकाडावर जातो.

एका पावरा कुटुंबाकडे जेवलो. मक्याची भाकरी, उडदाची डाळ, लाल मिरचीची चटणी. डाळ बराच वेळ चुलीवर होती. या उंचीवर पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळतं, कारण हवेचा भार कमी असतो. जाळ वाढवून पाणी त्याहून गरम होत नाही, म्हणून डाळीला वेळ द्यावा लागतो. घरातल्या ताईंना घाई नव्हती. डाळ शिजेपर्यंत त्यांनी मला बांबूच्या कुडाला लिंपण कसं करतात ते दाखवलं, आणि शेतातली सगळी झाडं नावानिशी सांगितली.

रात्री यशवंत तलावाच्या बाजूला उतरलो तर गारठा झोंबला, आणि पुन्हा घराच्या टेकाडावर आलो तर सुसह्य झाला. पठार उंच, पण त्यालाही खोलगट भाग आहेत, आणि तिथे तीच गोष्ट लहान प्रमाणात घडते. कडाक्याच्या हिवाळ्यात तोरणमाळ, डाब या भागांत गवतावरचं दव गोठतं, गाड्यांच्या टपांवर बर्फाचा पापुद्रा धरतो. त्या वेळी उंचावर ठेवलेला तापमापक शून्याच्या वरच असू शकतो, कारण गवताचं पातं उघड्या आभाळाकडे आपली ऊब सोडत शून्याच्याही खाली गेलेलं असतं. सकाळी यजमानांनी त्यांचा हरभरा दाखवला. उतारावरचा हिरवागार होता, नाल्यातल्या पट्टीची पानं काळवंडली होती. मध्ये पन्नास पावलांचं अंतर.

उतरताना घाटात थांबून खोऱ्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांचं आयुष्य त्या तळाशी चाललं आहे. उन्हाळ्यात दिवसा नियम सरळ चालतो आणि सर्वांत तापलेली हवा त्यांच्या वाट्याला येते. हिवाळ्यात रात्री तो उलटतो आणि सर्वांत गारठलेली हवाही त्यांच्याच वाट्याला येते. डोंगरमाथा दोन्ही टोकांपासून बऱ्यापैकी सुटतो, तळ दोन्ही टोकं झेलतो. खानदेशच्या माणसाचा चिवटपणा आपण कौतुकाने सांगतो. त्यामागे हवेची ही रचना आहे, आणि ती ओळखून पिढ्यान्‌पिढ्या केलेली राखण आहे : वासरू कुठे बांधायचं, हरभरा कुठे पेरायचा, पाणी कोणत्या प्रहरी सोडायचं.

हे शहाणपण नोंदीत यायला हवं. मंडळाच्या एका आकड्यासोबत नाल्याकाठचा आणि टेकाडावरचा, गुडघ्याच्या उंचीचा आणि घडाच्या उंचीचा आकडाही मोजला गेला, तर भरपाईचा निर्णय शेताच्या जवळ येईल आणि थंडीचा इशाराही वेळेत पोहोचेल. साधा तापमापक स्वस्त आहे, बांबू बांधावर आहे, रात्री जागणारी माणसं गावोगाव आहेत. नानांच्या वाफ्यात त्याची सुरुवात झालेली आहे. ती नोंद वाचायची जबाबदारी आता आकडे मागणाऱ्यांची आहे.